नर्सचा निर्णय, वॉर्डाची जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, सातारा, कराड या पट्ट्यात नर्सिंग शिकणाऱ्या आणि नव्यानं वॉर्डात लागलेल्या मुलामुलींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. मधूनच नातेवाइकांचेही आहेत. उत्तरं वॉर्डात इन्चार्ज म्हणून काम करणाऱ्या एका सिस्टरची आहेत. औषधांच्या बाबतीत मात्र आपापल्या हॉस्पिटलचा लेखी प्रोटोकॉलच प्रमाण मानावा.

निर्णय तर डॉक्टर घेतात. मग नर्सनं निर्णय घ्यायचा म्हणजे नक्की काय करायचं?

राउंडला डॉक्टर एका पेशंटपाशी पाच-दहा मिनिटं थांबतात. दिवसरात्रीचा उरलेला सगळा वेळ पेशंटजवळ तुम्ही असता. त्या वेळात पेशंटमध्ये काही बदल झाला तर तो आधी तुम्हालाच दिसणार. दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावणं, घाई किती आहे ते ठरवणं, कुणाला बोलवायचं ते ठरवणं आणि ते माणूस येईपर्यंत पेशंटला सांभाळणं, हा सगळा तुमचा निर्णय आहे. निदान करणं आणि औषध लिहिणं डॉक्टरांचं काम, त्यात लुडबूड करायची नाही. पण ‘दिसलं होतं हो, पण मी कोण सांगणार’ हे वाक्य वॉर्डात चालत नाही.

रोजच्या कामात असे निर्णय पावलोपावली असतात, आपण त्यांना निर्णय म्हणत नाही एवढंच. बीपीची गोळी द्यायच्या आधी नाडी बघितली, ती ४८ निघाली, गोळी हातातच ठेवून फोन केला. कॅथेटर (लघवीची नळी) टाकून तीन दिवस झाले, तो अजून हवा आहे का हे राउंडला आपणहून विचारलं. आजींना रात्री कुणाला न उठवता एकटीनं संडासला जायची सवय आहे हे सुनेकडून कळलं, म्हणून त्यांची कॉट नर्सिंग टेबलाजवळ घेतली. या तिन्ही गोष्टींनी माणसं वाचतात.

‘पेशंट बरा दिसत नाहीये’ एवढंच सांगून चालतं का?

चालतं. अनुभवी सिस्टरच्या तोंडून हे वाक्य आलं की जाणते डॉक्टर चपला घालून निघतात. पण नव्या मुलीच्या शब्दाला तेवढं वजन यायला वेळ लागतो, तोवर आकडे हाताशी हवेत. आणि आकड्यांत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते श्वासाकडे.

कुठल्याही वॉर्डातली टीपीआर शीट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता, काढून बघा. श्वासाच्या रकान्यात १८, २०, १८, २० असं ओळीनं लिहिलेलं दिसेल. इतक्या वेगवेगळ्या आजारांची माणसं एकाच चालीनं श्वास घेत नसतात. ते आकडे न मोजता लिहिलेले असतात. अनेकदा बीपी पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. रक्तस्राव, सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर भिनणं), निमोनिया, साखर वाढून रक्तात आम्ल साठणं, या सगळ्यांत तो बोलतो. म्हणून पूर्ण एक मिनिट मोजायचं. ‘श्वास मोजते हं’ असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. त्यामुळे नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही, बोटं तशीच ठेवायची, नजर छातीवर किंवा पोटावर न्यायची आणि काटा बघत मोजायचं. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थिनींना मी पहिला आठवडा दुसरं फारसं काही शिकवत नाही.

हे आकडे एकत्र कसे वाचायचे यासाठी ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये एक स्कोअर काढला आणि २०१७ मध्ये सुधारला. त्याला न्यूज-२ म्हणतात. श्वास, ऑक्सिजनचं प्रमाण, बाहेरून ऑक्सिजन लावला आहे का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, यांना गुण द्यायचे. बेरीज ५ झाली की तातडीनं डॉक्टरांनी बघावं, ७ किंवा जास्त झाली की इमर्जन्सी. एकट्या एका गोष्टीला ३ गुण पडले तरी कळवायचं. आता हे बघा: नाडी ११८, वरचं बीपी १०६, श्वास २४. यातला एकेक आकडा सुटा पाहिला तर कुणी दचकणार नाही. पण गुण पडतात २, १ आणि २. बेरीज ५.

स्कोअरला मर्यादाही आहेत. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारी गोळी, घेणाऱ्या आजोबांची नाडी रक्त गेलं तरी वाढत नाही. तरुण पोरगा शेवटपर्यंत बीपी धरून ठेवतो आणि मग एकदम कोसळतो. बेरीज २ आहे आणि तरी मन खातंय, तर मनाचं ऐका आणि फोन करा.

आमच्या भागात कुठल्या पेशंटवर जास्त लक्ष ठेवावं लागतं?

फवारणीच्या औषधाच्या पेशंटवर. तासगाव, मिरज, खानापूरचा द्राक्षपट्टा म्हणा किंवा उसाचं शिवार म्हणा, कीटकनाशक घराघरांत आहे. कुणी फवारताना अंगावर घेतं, कुणी रागाच्या भरात पितं. ते ऑर्गनोफॉस्फेट गटातलं असेल तर पहिल्या दिवशीचं चित्र सगळ्यांना पाठ असतं: लाळ, घाम, जुलाब, टाचणीएवढ्या बाहुल्या, छातीत घरघर. त्यावरचं औषध ॲट्रोपिन चालू होतं, छाती मोकळी होते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. इथंच डोळ्यात तेल घालून बघायचं असतं. साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान काही पेशंटच्या मानेचे, खांद्याचे आणि मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात.

एका पेशंटचं सांगते. तिसरा दिवस, संध्याकाळची वेळ. भाऊ सांगत होता, ‘आता बरा हाय सिस्टर, चहा मागतोय.’ ड्युटीवरच्या मुलीनं चहा द्यायला म्हणून पाठीशी हात घातला तर त्याची मान मागं पडली. उशीवरून डोकं उचलायला सांगितलं, उचलता येईना. एका दमात आकडे म्हणायला लावले, तो अकरापर्यंत गेला. ऑक्सिजन तेव्हा ९६ होता. तिनं चहा बाजूला ठेवला, पेशंटला आयसीयूजवळच्या कॉटवर घेतलं, ॲम्बू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) उशाशी आणली आणि भूलतज्ज्ञांना फोन लावला. रात्री त्याला व्हेंटिलेटर लागलाच, पण तो तयारीत लागला. ऑक्सिजन पडायची वाट बघितली असती तर धावपळीत लागला असता. उशीवरून मान उचलता येते का, एका दमात किती आकडे म्हणता येतात, हे दर चार तासांनी बघायला मशीन लागत नाही.

दुसरा साप. ऊसतोडीच्या हंगामात कोपीत जमिनीवर झोपणारी माणसं मोठ्या संख्येनं इथं येतात. मण्यार रात्री झोपेत चावतो, दुखत नाही, दातांच्या खुणाही अनेकदा दिसत नाहीत. पहाटे पोट दुखतंय म्हणून येतात. अशा माणसाच्या पापण्या जड दिसल्या, गिळायला त्रास होतोय असं म्हणाला, तर पोटदुखीचा केस पेपर असला तरी साप डोक्यात आला पाहिजे. मण्याराच्या विषानं माणूस पूर्ण लुळा पडतो, डोळेसुद्धा उघडता येत नाहीत, पण त्याला सगळं ऐकू येत असतं. त्याच्या कॉटशेजारी उभं राहून ‘हा काय वाचत नाही’ असं कुणी बोलू लागलं तर तिथंच थांबवा.

घोणस चावली की रक्त गोठत नाही. त्यासाठी वीस मिनिटांची साधी चाचणी असते: २ मिली ताजं रक्त काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकं करून बघायचं. नळी प्लास्टिकची चालत नाही आणि साबणानं धुतलेली तर मुळीच नाही, निकाल फसवा येतो. या नळ्या वेगळ्या ठेवणं आणि त्या कुणी दुसऱ्या कामाला पळवत नाही हे बघणं सिस्टरचं काम. सर्पदंशाची लस सुरू करायच्या आधी ॲड्रिनॅलिन भरून ठेवायला विसरू नका, लसीची रिॲक्शन आली तर ते लागतं.

रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करायचा तर बोलायचं कसं?

आधी पेशंट बघा, मग फोन उचला. केस पेपर आणि ताजे आकडे समोर हवेत. बोलण्याचा क्रम ठरलेला असला की घाबरगुंडी उडत नाही. आत्ता काय झालंय, पेशंट कशासाठी ॲडमिट आहे, मला काय आढळलं, मला तुमच्याकडून काय हवंय. नर्सिंगच्या पुस्तकात याला एसबार म्हणतात. वर ज्या पेशंटचे आकडे दिले तिच्याबद्दलचा फोन असा असावा:

‘सर, फिमेल सर्जिकलमधून स्टाफ बोलतेय. बेड सातच्या पेशंटची तब्येत खालावतेय. दुपारी त्यांचं आतड्याचं ऑपरेशन झालंय. नऊला नाडी ९२ होती, आता ११८ आहे. बीपी १०६ वर ७०. श्वास पूर्ण मिनिट मोजला, २४ आहे. दोन तासांत लघवी ३० मिली. ड्रेनला ताजं रक्त २०० मिली आलंय. मला आत रक्तस्रावाची शंका येतेय. तुम्ही लगेच येऊन बघावं. तोवर दुसरी लाईन टाकून क्रॉसमॅचला रक्त काढून ठेवू का?’

शेवटची तीन वाक्यं मुली गाळतात. आकडे सांगून गप्प बसतात आणि समोरच्यानं अर्थ काढावा अशी अपेक्षा धरतात. झोपेतून उठलेल्या माणसाला अर्थ काढायला लावू नका. तुम्हाला काय वाटतं आणि काय हवं आहे ते सांगा.

आणि डॉक्टर रागावले, किंवा ‘बघू सकाळी’ म्हणाले तर?

रागावले तर रागावू देत. ‘बघू सकाळी’ म्हणाले तर शांतपणे म्हणायचं, ‘सर, मला काळजी वाटतेय म्हणून पुन्हा सांगतेय. पंधरा मिनिटांनी परत बघून फोन करते.’ आणि खरंच करायचा. तरी हालचाल नसेल तर ड्युटीवरचे आरएमओ (निवासी डॉक्टर), मग युनिटचे वरिष्ठ, आणि त्याच वेळी आपल्या बाजूनं नाईट सुपरवायझर. याला चहाडी समजू नका. पेशंटसाठी वरच्या माणसाकडे जाणं हा कामाचाच भाग आहे. नर्सेस नोटमध्ये वेळ, कुणाला कळवलं आणि काय सूचना मिळाली ते लिहायचं. दोष देणारी वाक्यं लिहू नयेत, घडलं तेवढंच लिहावं.

ऑर्डर चुकीची वाटली तर ‘देणार नाही’ असं म्हणता येतं का?

येतं, आणि म्हणावंच लागतं. ‘सरांनी लिहिलं होतं’ म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण सिरिंज तुमच्या हातात होती. आधी विचारा: ‘सर, हा डोस मला जास्त वाटतोय, एकदा बघता का?’ बहुतेक वेळा तिथंच मिटतं. फोनवर ऑर्डर घेतली तर औषध, डोस आणि मार्ग परत म्हणून दाखवायचा, लिहायचा, आणि डॉक्टर आल्यावर सही घ्यायची. पंधरा आणि पन्नास यांची फोनवर गल्लत होते, म्हणून ‘एक-पाच’ असं अंक सुटे करून विचारा.

दोन औषधांबद्दल तर मी हट्टी आहे. पोटॅशियम क्लोराईड कधीही थेट शिरेतून पुश करायचं नाही, त्यानं हृदय जागच्या जागी थांबतं. त्याच्या कुप्या डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये दिसल्या तर त्या क्षणी उचला. दुसरं इन्सुलिन. आपल्याकडे ४० युनिटची बाटली असते आणि १०० युनिटचीही येते. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं भरलं तर डोस अडीचपट जातो. रात्री अकराला इन्सुलिन दिलं आणि पहाटे चारला पेशंट घामानं निथळत बेशुद्ध, याचं मूळ अनेकदा इथं असतं. नातेवाईक घरून बाटली आणतात तेव्हा तर लेबल दोनदा वाचा, आणि डिस्चार्जच्या वेळी घरी कुठली सिरिंज आहे ते विचारा.

डॉक्टर यायच्या आधी मी स्वतःहून किती करू शकते?

जीव वाचवण्यापुरतं सगळं, आणि लेखी स्टँडिंग ऑर्डर (डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली कायमची परवानगी) असेल तेवढं. श्वासमार्ग मोकळा करणं, कुशीवर वळवणं, सीपीआर, लाईन घेणं, साखर तपासणं, यासाठी कुणाची वाट बघू नका.

प्रसूतीच्या खोलीत याचं महत्त्व सगळ्यात जास्त. बाळंतिणीचं रक्त किती गेलं हे आपण नजरेनं ठरवतो आणि नजर कायम कमी सांगते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात झालेल्या ई-मोटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल २०२३ मध्ये आला. रक्त खुणांच्या पिशवीत मोजलं आणि गर्भाशय चोळणं, आकुंचनाचं औषध, रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे एकापाठोपाठ न करता एकदमच सुरू केलं, तेव्हा गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण जवळजवळ ६० टक्क्यांनी खाली आलं. तिथं हे काम मुख्यतः सुईणी आणि नर्सच करत होत्या. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं तोंडपाठ ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेट चालू असतं, तिथं पुढचा डोस द्यायचा की थांबवायचा हे तुमच्या तपासणीवर ठरतं. गुडघ्याखाली टिचकी मारली की पाय उडतोय (नी जर्क), श्वास मिनिटाला १६ च्या वर आहे, लघवी तासाला ३० मिलीपेक्षा कमी नाही, तरच द्यायचा. यातलं एक जरी बिघडलं तर थांबवा, कळवा. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये आधीच काढलेलं असावं.

कन्सेंटवर सही घ्यायला मलाच पाठवतात. घेऊ का?

समजावून सांगणं डॉक्टरांचं काम आहे. ऑपरेशन कशासाठी, धोके कोणते, दुसरा मार्ग आहे का, हे पेशंटला कळून त्यानं होकार देणं म्हणजे कन्सेंट. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये हे स्वच्छ शब्दांत सांगितलं आहे. तुम्ही साक्षीदार म्हणून सही करू शकता. पण कागद पुढं केल्यावर बाई विचारते, ‘पिशवी काढणार म्हंजे काय ओ सिस्टर?’, तर तिला काही कळलेलं नाही. सही न घेता परत जा आणि डॉक्टरांना सांगा, ‘मॅडम, त्यांना अजून शंका आहेत, एकदा बोलता का?’

एका ड्युटीला पस्तीस-चाळीस पेशंट. यात जजमेंट कसलं, नुसतं पळणं!

तक्रार खरी आहे आणि ती ‘ॲडजस्ट करा’ म्हणून उडवून लावायची नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागं एक, इतर रुग्णालयात पाचमागं एक आणि आयसीयूत एकास एक नर्स हवी, वर रजेसाठी ३० टक्के जास्त. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ मध्ये मांडला. नर्समागं एकेक पेशंट वाढला की ऑपरेशननंतर ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. म्हणजे कमी स्टाफचा प्रश्न आपल्या दमण्यापुरता नाही, तो पेशंटच्या जिवाचा आहे, आणि मेट्रनकडे, अधीक्षकांकडे तो तसाच आणि लेखी मांडावा. इन्चार्जनं हे महिन्याच्या महिन्याला करायचंच.

पण आज रात्री तर चाळीसच आहेत. मग ओव्हर (आधीच्या ड्युटीकडून पेशंटचा ताबा) घेतल्याबरोबर औषधाच्या ट्रॉलीकडे धावू नका. आधी सगळ्या वॉर्डातून एक फेरी मारा, हात रिकामे ठेवून. प्रत्येकाचा चेहरा, श्वास, सलाईन, ड्रेन. दहा मिनिटं जातात. त्या फेरीत तुम्हाला आज रात्रीचे चार-पाच पेशंट कळतात, ज्यांच्याकडे तुम्ही पुन्हा पुन्हा जाणार आहात. बाकीच्यांची कामं वाटून द्या. मावशींनी कूस बदलायला, खायला घालायला मदत करावी, विद्यार्थिनींनी बीपी घ्यावं. औषध, रक्त चढवणं, बिघडलेल्या पेशंटची तपासणी हे मात्र दुसऱ्यावर सोपवायचं नाही. मावशींना एक सांगून ठेवा: ‘काही वेगळं दिसलं तर मला हाक मारा, मी रागावणार नाही.’ अंग पुसताना पाठीवरची पहिली लाली त्यांनाच दिसते.

लीडरशिप म्हणजे इन्चार्ज झाल्यावरची गोष्ट ना?

पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी बेडशेजारी उभी राहून ‘सर, यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं त्यांची बायको म्हणत होती’ असं सगळ्या राउंडसमोर म्हणते, तेव्हा त्या क्षणी पुढारपण तिच्याकडे असतं. पद लागत नाही. पण ती बोलेल की गप्प बसेल हे आदल्या सहा महिन्यांत इन्चार्ज सिस्टर तिच्याशी कशी वागली त्यावर ठरतं. मला नेतृत्वाबद्दल जे काही सांगायचंय ते एवढ्यात आलं.

रात्री बोलावलं आणि काहीच निघालं नाही, असा फोन ज्या वॉर्डात सकाळी चेष्टेचा विषय होतो, तिथं पुढचा फोन उशिरा येतो. कधी येतच नाही. म्हणून माझ्या वॉर्डात फुकट गेलेल्या फोनबद्दल कुणाला बोल लावायचा नाही, हा नियम आहे. उलट ओव्हरच्या वेळी सगळ्यांसमोर सांगायचं, ‘तिनं बोलावलं, बरं केलं.’ यासाठी काही डॉक्टरांशी वाद झाले, होतातही. वाद आपण घालायचा, मुलीला पुढं करायचं नाही.

ओव्हर टेबलावर बसून देऊ नका, कॉटपाशी उभं राहून द्या. निघणारी आणि येणारी, दोघींनी मिळून सलाईनचा वेग, जखम आणि ड्रेन बघायचा. पेशंट जागा असेल तर त्यालाही विचारायचं, ‘आबा, काय राहिलंय का सांगायचं?’ पुष्कळदा काहीतरी राहिलेलं असतं.

ज्युनिअरकडून औषधाची चूक झाली तर इन्चार्जनं काय करावं?

पहिलं पेशंटकडे धावावं, मग डॉक्टरांना कळवावं, मग नातेवाइकांना खरं सांगितलं जाईल याची खात्री करावी, आणि मुलीशी बोलणं सगळ्यात शेवटी, दार लावून. तिला विचारायचं ‘काय काय झालं ते क्रमानं सांग’. ‘असं कसं केलंस’ या प्रश्नातून कुणी कधी काही शिकलेलं नाही. दोन सारख्या दिसणाऱ्या कुप्या एकाच ट्रेमध्ये होत्या असं निघालं, तर ट्रे बदला. मुलगी बदलून पाठवली आणि ट्रे तोच राहिला तर चूक पुन्हा होणार. मुद्दाम केलेला निष्काळजीपणा आणि लपवाछपवी यांना मात्र माफी नको.

पुरुष नर्सला लोक डॉक्टर समजतात, तेव्हा?

लगेच सांगायचं, ‘मी डॉक्टर नाही, स्टाफ नर्स आहे, ब्रदर म्हणा.’ गैरसमज सोयीचा वाटला तरी राहू देऊ नये.

पेशंट ‘कसंतरी होतंय’ म्हणतो. याचं काय करायचं?

हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघायचं. आपल्याकडचा माणूस छातीत दुखतंय असं सरळ म्हणत नाही. ‘छातीत भरल्यागत झालंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘डोळ्यापुढं अंधारी आली’ असं म्हणतो. बायका आणि मधुमेहाची माणसं हार्ट ॲटॅकमध्येही कधीकधी फक्त दम लागतोय, मळमळतंय एवढंच सांगतात. ईसीजी काढायला सुचवण्यात कमीपणा नाही.

मिरजेला अथणी, चिकोडी, विजापूरकडून कितीतरी पेशंट येतात, त्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कन्नडशिवाय दुसरं येत नाही. नोवू म्हणजे दुखणं, उसिरु म्हणजे श्वास, एवढं तरी प्रत्येक सिस्टरला यावं. सोबतचा नातू दुभाष्या म्हणून बरा, पण आजीच्या लाजेच्या तक्रारी तो सांगत नाही. वॉर्डातल्या कन्नड येणाऱ्या मावशींना बोलवा.

नातेवाईक अंगावर धावून येतात तेव्हा?

बहुतेक वेळा राग आधी तासभर शिजत असतो. कुणी काही सांगितलेलं नसतं, पैसे भरायला तीन खिडक्या फिरून झालेल्या असतात. ‘दादा, तुमच्या वडिलांचं बीपी मी आत्ताच घेतलंय, डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, साडेपाचला येतील, मी पुन्हा सहाला तुम्हाला सांगायला येते’ एवढं आधी सांगितलं तर पुष्कळ भांडणं टळतात. सहाला जायला मात्र विसरू नका. आजाराचं नाव, रिपोर्टचा अर्थ, वाचेल की नाही, हे डॉक्टरांनी सांगायचं. पेशंटला आज कसं वाटतंय, काय खाल्लं, पुढं काय होणार आहे, हे तुम्ही जरूर सांगा.

हात उचलला गेला तर सहन करू नका. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे, तो नर्स आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही लागू आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. तक्रार हॉस्पिटलनं द्यायला हवी. मार खाल्लेल्या मुलीला एकटीला पोलीस स्टेशनला पाठवणं लाजिरवाणं आहे.

पूर, वारी अशा वेळी हॉस्पिटलबाहेर ड्युटी लागते. तिथं काय वेगळं असतं?

तिथं डॉक्टर लांब असतात आणि साधनं कमी, त्यामुळे तुमच्या नजरेवर जास्त भार पडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा निवारा केंद्रांत जखमांपेक्षा जास्त काळजी होती ती चुकलेल्या औषधांची. केंद्रावर पोचलात की पहिली यादी करा: गरोदर बायका आणि त्यांची तारीख, इन्सुलिनवाले, डायलिसिसवाले, टीबीच्या आणि फिटच्या गोळ्यावाले. माणसं आपणहून सांगत नाहीत, पिशवी पाण्यात गेली म्हणून गप्प बसतात. पाणी ओसरल्यावर ताप आणि पोटऱ्या दुखणं असा पेशंट आला तर लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका लिहून पाठवा.

माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात. चांदोबाच्या लिंबाला रिंगण असतं तेव्हा गर्दीत घाम फुटून खाली बसलेला वारकरी तुमच्याकडे आणतात. उन्हाचा त्रास समजून नुसतं पाणी पाजू नका. आधी साखर बघा. मधुमेहाची गोळी घेऊन, एकादशी धरून, सकाळपासून चालणारी माणसं त्यात असतात. आणि पायातलं काढून तळवे बघा. पायाला बधिरपणा असलेल्याला फोड आलेला कळतही नाही.

नर्सिंगला लोक सेवा म्हणतात. मग पगाराबद्दल, हक्कांबद्दल बोलणं बरं दिसतं का?

सावित्रीबाई फुले आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. १८९७ च्या प्लेगात त्यांनी पुण्याजवळ मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली, आजारी मुलाला स्वतः उचलून आणलं आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या. त्यांचं नाव घेऊन कुणी सिस्टरला सुरक्षित साधनं, पुरेसा स्टाफ, रीतसर पगार नाकारू नये. त्या आयुष्यभर लोकांच्या हक्कांसाठीच झगडल्या.

पुढं शिकावं का?

जमत असेल तर हो. जीएनएम (नर्सिंगची पदविका) केलेल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, त्यापुढं एमएस्सी. २०१४ मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या अभ्यासात पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं तिथं मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली. परवान्याचं नूतनीकरण वेळेवर करा. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी संसदेनं २०२३ मध्ये नवा आयोगाचा कायदा केला आहे, त्यातले बदल वाचत राहा.

उद्या माझी पहिली नाईट आहे. काय बघून ठेवू?

दुपारी झोपा, जेवून या, ड्युटी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोचा. इमर्जन्सी ट्रे स्वतः उघडून बघा: ॲड्रिनॅलिन, ॲट्रोपिन, २५ टक्के डेक्स्ट्रोज, कॅल्शियम ग्लुकोनेट. ॲम्बू बॅग तळहातावर दाबून बघा, मास्क जोडलेला आहे का बघा. सक्शन चालू करून पाण्याच्या वाटीत नळी बुडवा. टॉर्चचे सेल, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि त्यांची तारीख. आज रात्री ऑन-कॉल कोण आहे, त्यांचा नंबर आणि रक्तपेढीचा नंबर पेनानं कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा, मोबाईलची बॅटरी संपते. ऑक्सिजन सिलिंडरचा काटा वाचा आणि सिलिंडरची चावी त्याच सिलिंडरला दोरीनं बांधलेली आहे ना, ते बघा. नसेल तर आधी ती शोधा, बाकीची कामं नंतर.